नाशिकमध्ये पहिल्यांदाच लेंट पाळताय? उपवास, दुःख आणि शांत चिंतन : नव्यांसाठी पायरीपायरीने

जानेवारी संपत आला, लेंट म्हणजे ईस्टरआधीचा (येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचा) चाळीस दिवसांचा उपवासकाळ जवळ आला, की चर्चच्या मंडळीत नव्याने आलेली माणसं तेच प्रश्न विचारू लागतात. चाळीस दिवस काही खायचंच नाही का? पाणी चालतं का? मटण बंद ठेवलं की झालं का? घरात आधीच इतकी संकटं आहेत, आणखी त्रास कशाला ओढवून घ्यायचा? शेवटचा प्रश्न हळू आवाजात येतो, पण माझ्या मते तोच सगळ्यात खरा.

हा लेख अशांसाठी आहे: लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्या मुली, नोकरीसाठी सातपूर-अंबडला आलेली आणि इथल्या चर्चमध्ये जायला लागलेली मंडळी, किंवा खूप वर्षांनी परत चर्चची पायरी चढलेले लोक. मी शरणपूर रोड भागातल्या प्रोटेस्टंट घरात वाढले आणि माझं सासर कॅथलिक आहे, त्यामुळे दोन्हीकडचा उपवासकाळ मी आतून पाहिला आहे. पद्धती वेगळ्या असल्या तरी अडचणी जवळपास सारख्याच येतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काय सोडायचं हे ठरवण्याआधी, सोडलेल्याच्या जागी काय येणार हे ठरवा. रिकामी ठेवलेली जागा दोन दिवसांत काहीतरी भरतेच, आणि ते आपल्याला हवं तेच असेल असं नाही.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

- वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल. मोबाइलवरचं नको, का ते पुढे येईल.
- एक साधी शंभर पानी वही आणि पेन.
- चर्चच्या उपवासकाळातल्या कार्यक्रमांचं वेळापत्रक. सूचनाफलकावर लागतं किंवा मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं.
- वाचलेले पैसे टाकायला एक डबा किंवा पाकीट. काही चर्चमध्ये यासाठी छापील पाकिटंच वाटतात.
- मधुमेह, रक्तदाब किंवा कुठलीही रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरांचा सल्ला.
- एक माणूस. फादर, सिस्टर, पाळक, मंडळीतली एखादी जाणती मावशी, कुणीही चालेल. या दिवसांत काय चाललंय हे ज्यांना मोकळेपणाने सांगता येईल, असं कुणीतरी.

लेंट पाळायला कुठलाही दाखला लागत नाही. मात्र दुसऱ्या गावाहून आला असाल आणि इथल्या चर्चमध्ये नाव घालायचं असेल, तर आधीच्या चर्चचं पत्र आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत आत्ताच मागवून घ्या. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात चर्चच्या ऑफिसात कुणाला सवड नसते.

१. तारखा नीट समजून घ्या

लेंटची सुरुवात भस्म बुधवारी होते. काही घरांत त्याला राखेचा बुधवार म्हणतात. तिथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर दिवस ४६ भरतात. मधले ६ रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. उरले ४०. येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण.

ईस्टर चंद्रावर ठरत असल्यामुळे तारीख दरवर्षी हलते. २०२७ मध्ये भस्म बुधवार १० फेब्रुवारीला, गुड फ्रायडे २६ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला येतो. शेजारी केरळचं सिरियन ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्यांचा उपवास बुधवारऐवजी सोमवारीच सुरू झालेला दिसेल. त्यांच्यात पन्नास दिवसांची गणना आहे. आणि काही मंडळ्या लेंट पाळतच नाहीत. ते कमी श्रद्धेचे, आपण जास्त, असा हिशोब मनात येऊ देऊ नका.

२. काय सोडणार, आणि त्या जागी काय आणणार

वहीच्या पहिल्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे सोडायच्या गोष्टी, उजवीकडे त्या जागी येणाऱ्या. उजवी बाजू कोरी असेल तर डावीकडचं खोडा.

माझ्या ओळखीच्या घरांतून चाललेली काही उदाहरणं देते. रात्री जेवणानंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि त्या वेळात बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं. कंपनीबाहेरच्या टपरीवरचा दुसरा चहा सोडायचा आणि तेवढे पैसे डब्यात टाकायचे. रविवारचं बाहेरचं जेवण सोडून एकट्या राहणाऱ्या आजींकडे डबा घेऊन जायचं आणि तिथेच बसून जेवायचं. एका काकूंनी नणंदेबद्दल बोलणंच सोडलं. त्यांच्या मते ते मटणापेक्षा अवघड होतं, आणि उजवीकडे त्यांनी लिहिलं होतं, ‘दर शनिवारी तिला फोन’.

बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय पहिल्याच आठवड्यात वाचा. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला, तू पाहिलं का नाहीस? देवाचं उत्तर अगदी रोखठोक आहे: उपासाच्या दिवशी तुम्ही मजुरांना राबवून घेता, भांडता. मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं, बेघराला घरात घेणं, आपल्याच रक्ताच्या माणसांकडे पाठ न फिरवणं. घरकामाला येणाऱ्या ताईंचा पगार थकलेला असेल तर तुमचा लेंट तिथून सुरू होतो.

एक किंवा फार तर दोन गोष्टी निवडा. उत्साहात सात-आठ लिहिल्या जातात आणि दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्याच सुटतात.

३. जेवणाचा उपवास: नियम आणि खाचखळगे

कॅथलिक चर्चचा नियम स्पष्ट आहे. भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे: १८ पूर्ण झाल्यापासून ५९ वर्षांपर्यंतच्या निरोगी माणसाने दिवसात एकच पूर्ण जेवण घ्यायचं, त्याशिवाय दोनदा थोडं खाल्लं तर चालतं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होऊ नये. मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षांपासून पुढे लागू होतो. शुक्रवारी काय पाळायचं हे आपल्या फादरना विचारा. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा लेखी नियम सहसा नसतो. काही जण रोज एक वेळ जेवतात, काही फक्त शुक्रवारी.

या दोन्हीकडे पाणी वर्ज्य नाही. मार्चमध्ये नाशिकचं ऊन चांगलंच चटकतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, आजारी माणसं, इन्सुलिन घेणारे, खाण्याशी निगडित मानसिक त्रासातून गेलेले, आणि उभ्याने किंवा मशीनवर जड काम करणारे यांनी जेवणाचा उपवास करू नये. तिसऱ्या पाळीत उपाशीपोटी मशीन चालवणं धोक्याचं आहे, त्यात भक्ती नाही. अशांनी जेवण सोडून दुसरं काही निवडावं. ते कमी दर्जाचं ठरत नाही.

आता खाचखळगे. आपल्याकडे म्हणच आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. ज्या घरांत आधीपासून साबुदाणा-भगरीचे उपास होत आले, तिथे लेंटलाही फराळाचं ताट सजतं. शुक्रवारी मटण नको म्हणून महागडी सुरमई आणणं हीदेखील त्यातलीच गत. नियम मोडत नाही, पण डब्यात एक रुपयाही पडत नाही. जन्मापासून शाकाहारी असाल तर मांस सोडण्यात तुमचं काही सुटतच नाही. मग गोड, बाहेरचं खाणं किंवा खरेदी बघा.

दुसरा खड्डा दिखाव्याचा. भस्म बुधवारी चर्चमध्ये जे शुभवर्तमान वाचतात तो मत्तयचा ६वा अध्याय: उपास करताना तोंड उतरवून हिंडू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. त्याच मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) कपाळाला राख लागते आणि तसंच ऑफिसला जायचं असतं. राख ठेवायची की पुसायची याला नियम नाही. कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगा आणि कामाला लागा. ही राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते, हे मुलांना सांगितलं तर ती पुढच्या वर्षी झावळी जपून ठेवतात.

४. रोज पंधरा मिनिटं गप्प बसायचं

खाणं सोडणं सोपं, गप्प बसणं कठीण. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं, टीव्ही, कुकर, खाली गाड्यांचे हॉर्न. शांतता आणायची कुठून? ती बाहेर शोधायला गेलात तर चाळीस दिवस शोधण्यातच जातील. म्हणून आधी वेळ ठरवा, जागा नंतर. पहाटे नळाला पाणी यायच्या आधीचा वेळ बऱ्याच बायांना जमतो. पाळीवर जाणाऱ्यांना घरी आल्यावर, आंघोळीनंतर. गच्ची, बाल्कनी, पार्किंगमध्ये उभ्या गाडीची मागची सीट, काहीही चालेल. दुपारी चर्च उघडं असतं का ते विचारून ठेवा. रिकाम्या चर्चमधल्या बाकावर बसण्यासारखं दुसरं काही नाही. सुट्टीच्या दिवशी गंगापूर धरणाच्या बाजूला सकाळी लवकर जाता आलं तर जा, पण त्यावर अवलंबून राहू नका.

पंधरा मिनिटांत करायचं काय, ते असं:

मोबाइल दुसऱ्या खोलीत. म्हणूनच छापील बायबल सांगितलं. ॲपवर स्तोत्र उघडलं की वरून मेसेज घसरत येतो आणि पंधरा मिनिटं तिथेच संपतात. पाठ ताठ, पाय जमिनीवर. एक स्तोत्र हळू वाचा. जुन्या परंपरेत पश्चात्तापाची सात स्तोत्रं मानली आहेत: ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. भस्म बुधवारच्या अर्ध्या आठवड्यासकट लेंटचे आठवडे सातच भरतात, तेव्हा आठवड्याला एक घ्या. पहिल्या आठवड्यात ५१वं. तेच स्तोत्र रोज वाचायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येतो, वाचत राहा. पाचव्या-सहाव्या दिवशी एखादी ओळ, जी आतापर्यंत डोळ्यांखालून नुसती सरकत होती, पुढे जाऊ देत नाही. ती वहीत उतरवा आणि उरलेला वेळ तिच्यापाशी बसा.

मन भटकेल. गॅस सिलिंडरचा नंबर, मुलाची फी, काल सासूबाई काय बोलल्या. मनाशी झटापट करू नका. परत त्या ओळीवर या. दहादा भटकलं तर दहादा परत या. परत येणं हीच त्या दिवसाची प्रार्थना समजा.

रात्री झोपताना आणखी पाच मिनिटं. सोळाव्या शतकातल्या लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी शिकवलेली दिवसाची उजळणी नव्यांना फार उपयोगी पडते. पायऱ्या पाच: देवासमोर आहोत याची आठवण करून आभार मानणं, प्रकाश मागणं, सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून नेणं, चुकलं तिथे क्षमा मागणं, आणि उद्यासाठी एक नेमकी गोष्ट ठरवणं. तिसऱ्या पायरीवर घाई करू नका. आज कुठल्या क्षणी आत हलकं वाटलं, कुठे आत काहीतरी आवळलं, एवढं नोंदवा. दोन-तीन आठवड्यांनी वही मागून पुढे वाचलीत की रोज त्याच जागी अडखळताय हे आपसूक दिसतं.

काही जणांना शांत बसल्यावर रडू येतं, जुनं काही वर येतं. घाबरू नका, पण एकट्याने झेलतही बसू नका. त्यासाठीच यादीत ‘एक माणूस’ लिहिला आहे. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर फोन करा. प्रार्थना आणि उपचार यांच्यात भांडण नाही.

५. दुःखाचं काय करायचं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि चुकीच्या सल्ल्याने माणसं सगळ्यात जास्त दुखावतात ती इथेच. म्हणून सावकाश सांगते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशू म्हणतो की तो द्राक्षवेल आहे आणि पिता माळी; फळ देणारा फाटा अधिक फळ द्यावा म्हणून पिता तो छाटतो. हे निफाड-दिंडोरीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. काढणी संपली की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीपर्यंत, कापतात, बुडाशी एखाद-दुसरा डोळा ठेवतात. नवखा माणूस बागेत शिरला तर म्हणेल, बाग गेली. पण त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काडीवर, डोळ्याच्या आत, पुढच्या हंगामाचा घड धरायला लागतो. बाहेरून काहीही दिसत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो बाहेर येतो. आपण होऊन स्वीकारलेला त्याग असा असतो: हेतू ठरलेला, हात जाणता, कापायचं किती हे माहीत असलेला.

आणि गारपीटही द्राक्षबाग झोडपते. पानं तीही झाडते, काड्या तीही मोडते. म्हणून कुठला बागायतदार गारपिटीला छाटणी म्हणतो का?

घरातलं मूल गेलं, नोकरी गेली, कॅन्सर निघाला. कुणी येऊन ‘देव तुला छाटतोय’ म्हणालं तर ते मनावर घेऊ नका, आणि स्वतःही कुणाला तसं म्हणू नका. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथसेमानेच्या बागेत येशूने स्वतः प्याला टळो अशी विनवणी केली, आणि तीन मित्रांना जागं राहून सोबत करायला सांगितलं. क्रुसावर त्याच्या तोंडी २२वं स्तोत्र आलं, ज्याची सुरुवातच ‘तू मला का सोडलंस’ अशी आहे. प्रेषित पौलाने आपल्या देहातला काटा काढावा म्हणून तीनदा मागणं केलं. काटा निघाला नाही, पुरेशी कृपा मिळाली. पण मागू नकोस असं त्याला कुणी म्हटलं नाही. तेव्हा दुःख आलं असेल तर वहीत २२वं स्तोत्र आपल्या शब्दांत लिहून काढा, तक्रारींसकट. तक्रार देवाकडे करणं हा विश्वासच आहे.

मुद्दाम दुःख शोधू नका. शरीराला इजा करणं, औषध बंद करणं, आजार लपवणं याला आत्मत्याग म्हणत नाहीत.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: नवऱ्याची मारहाण हा ‘तुझा क्रूस’ नाही. लूकच्या ९व्या अध्यायात येशू रोज आपला क्रूस उचलून मागे यायला सांगतो. दुसऱ्याचं पाप पाठीवर झेलत राहायला सांगत नाही. घरात मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा ११२ वर फोन करा. कुणी धार्मिक भाषेत गप्प बसायला सांगितलं तर दुसऱ्या माणसाकडे जा.

दुसऱ्याच्या दुःखापाशी कसं उभं राहायचं, याचं उदाहरण आपल्याच गावात आहे. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं की एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशन संस्थेने वसवलेल्या शरणपुरात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं आणून ठेवली होती? त्यांना निवारा मिळाला, शाळा मिळाली, सुतारकी-लोहारकीसारखी हातची कामं मिळाली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या तुकडीत होता आणि १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन इंग्लंडला गेला. त्या मुलांनी दुःख निवडलं नव्हतं. त्यांच्या दुःखाला आधी छप्पर मिळालं, हातात हत्यारं मिळाली. लेंटमध्ये कुणाच्या घरी सांत्वनाला जाताना हे लक्षात ठेवा: आधी भांडी घासून द्या, मुलं सांभाळा, दवाखान्यात रात्री बसा. वचन सांगायची वेळ येईल तेव्हा ते स्वतःच विचारतील.

६. चर्चमधले कार्यक्रम

कॅथलिक चर्चमध्ये शुक्रवारी क्रुसाची वाट असते: चौदा स्थानं, प्रत्येक स्थानाला थांबून प्रार्थना. पुस्तिका दाराशी मिळते; गुडघे टेकता येत नसतील तर बसून राहा. पापनिवेदनाची, म्हणजे फादरसमोर आपली पापं सांगण्याची, भीती वाटत असेल तर फादरना आधीच सांगा, ‘मी पहिल्यांदाच आलेय’. पुढचं ते सांगतात. बाप्तिस्मा झालेला नसेल किंवा तुम्ही दुसऱ्या मंडळीचे असाल, तर मिस्सेत ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत जाऊ नका. जागेवर बसून प्रार्थना करा, कुणाला वावगं वाटत नाही. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा इतर चर्चमध्ये प्रभुभोजनाचा नियम पाळकांना विचारा.

पवित्र आठवडा शक्यतो मोकळा ठेवा. गुरुवारी संध्याकाळी पाय धुण्याचा विधी, शुक्रवारी दुपारी क्रूसभक्ती, आणि बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चमध्ये बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर भक्ती. ती तीन तासांची भक्ती लांब वाटते. लहान मुलं असतील तर मधल्या एखाद्या उद्गाराला या, मागे बसा. शनिवारी दिवसा कार्यक्रम जवळपास नसतो. तो दिवस बाजारहाटात आणि केकच्या ऑर्डरीत घालवू नका. तुमची सकाळची पंधरा मिनिटं त्या दिवशी अर्धा तास करा.

७. मध्येच मोडलं तर

लग्नाला गेलात, ताटात आलं, खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. दंड म्हणून दोन दिवस जास्त उपाशी राहू नका आणि ‘आता मोडलंच आहे’ म्हणून सोडूनही देऊ नका. कुणाच्या घरी प्रेमाने वाढलं असेल तर नाही म्हणून त्यांना अवघडवण्यापेक्षा खा आणि बदली दुसरा दिवस धरा. मात्र वहीत तारीख लिहून ठेवा; दर वेळी तेच निमित्त येत असेल तर ते फादरांशी किंवा पाळकांशी बोलायचा विषय आहे.

८. ईस्टरनंतर

ईस्टरच्या दिवशी उपवास संपला म्हणजे संपला. तिथून पेन्टेकॉस्टपर्यंतचे (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणापर्यंतचे) दिवस आनंदाचे, त्या काळात ‘मी अजून सोडलेलंच आहे’ असं धरून बसू नका. दोन कामं मात्र पहिल्या आठवड्यातच उरका. एक, डबा फोडा. पैसे चर्चच्या मदतनिधीत द्या किंवा ज्यांना गरज आहे असं ठाऊक आहे त्यांच्या हातात थेट द्या. कुठे दिले हे घरातल्या मुलांना कळू द्या, बाहेर सांगू नका. दोन, वहीचं पहिलं पान उघडा. डावीकडचं परत सुरू झालं तरी हरकत नाही. उजवीकडच्या यादीतली एक गोष्ट, एकच, पुढच्या भस्म बुधवारपर्यंत चालू ठेवायची म्हणून तिच्याभोवती गोल करा, आणि ती तुमच्या ‘एका माणसाला’ सांगून ठेवा.